हस्ताच्या पावसाचा प्रश्न कोण विचारणार?

२०२५ च्या खरिपात देशातल्या तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पावसाचा अंदाज गेला. अंदाज पूर्वीही यायचे. हा मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांनी काढलेला होता, आणि पेरणीजोगा पाऊस कधी सुरू होईल हे चार आठवडे आधी सांगू पाहत होता. त्या वर्षी मोसमी पाऊस लवकर आला, अर्ध्या वाटेत थबकला आणि जवळजवळ वीस दिवस पुढे सरकला नाही. ही ओढ त्या मॉडेलांनी आधीच हेरली होती.

त्यामागे कोण कोण होतं हे वाचलं, तेव्हा मला फार आनंद झाला. एक मॉडेल गूगलचं, एक युरोपातल्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचं. आपल्या कृषी मंत्रालयाबरोबर काम करणारे शिकागो विद्यापीठातले संशोधक. आणि या सगळ्याच्या तळाशी आपल्या हवामान खात्याने जपलेल्या सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी. संदेश पाच भाषांतून गेले: हिंदी, ओडिया, मराठी, बंगाली आणि पंजाबी. मी आयुष्यभर सोलापुरात भूगोल शिकवला. नकाशावरच्या समभार रेषा फळ्यावर काढताना "याचा आपल्याला काय उपयोग, बाई?" असं विचारणारी मुलं दर वर्षी असायची. त्यांना दाखवावं असं उत्तर अखेर मिळालं होतं.

माझे मामा अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून शेती करतात. फोनवर मी त्यांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि कानडीत विचारलं, "ते मृगाचं झालं गं. हस्ताचं काय म्हणतंय ते?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि आम्ही त्यांच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत राहतो. कोकणात जूनमध्ये कोसळणारा पाऊस आमच्याकडे चुकतमाकत येतो. आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं बरसली की काळ्या जमिनीत ओल धरते, आणि त्या ओलीवर ज्वारी पेरली जाते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्यांनी खाल्ली असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पेरल्यानंतर वरून फारसं पाणी न मिळताही जमिनीतल्या साठ्यावर ते पीक उभं राहतं. आता तूर, उडीद, सोयाबीन वाढले, ऊस तर अति वाढला, म्हणून जूनचा अंदाजही हवाच. पण मामांच्या घरात वर्षाची भाकरी हस्तावर ठरते. भारतातल्या बहुतेक भागाला विचारायचा प्रश्न "पाऊस कधी लागणार?" हा आहे. आमचा प्रश्न "जाताना किती देऊन जाणार?" हा आहे.

आणि त्याच २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने काय केलं ते आम्ही पाहिलं. ज्या माढा-मोहोळ भागात टँकरच्या रांगा बघत आम्ही मोठे झालो, तिथली गावं पुरात बुडाली. जनावरं गेली, उभी पिकं गेली, माती खरवडून गेली. मामांच्या शेतातही पाणी साचून तूर पिवळी पडली. त्यांनी मला त्यांच्या प्रश्नाची आठवण करून दिली नाही. तो त्यांचा स्वभाव नाही.

मला शास्त्रज्ञांना दोष द्यायचा नाही. पाऊस लागण्याची तारीख कोट्यवधींच्या कामाची आहे आणि आधी तीच हाती घेतली हे बरोबरच झालं. मला बोलायचं आहे ते सहकार्याबद्दल. देशादेशांचं सहकार्य म्हटलं की डोळ्यांसमोर झेंडे, लांब टेबल आणि सह्या येतात. हवामानाच्या बाबतीत ते खरं घडतं ते एका पांढऱ्या लाकडी पेटीपाशी. झडपांच्या भिंतींची ही पेटी जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असते आणि आत तापमापकं असतात. शेजारी पर्जन्यमापक. मुलांना मी वेधशाळा दाखवायला न्यायची तेव्हा त्यांना सर्वांत नवल वाटायचं ते वेळेचं. सकाळचे साडेआठ. नऊ का नाही? आठ का नाही? तर त्याच क्षणी ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरच्या वेधशाळांतली माणसं आपापल्या घड्याळाप्रमाणे, पण एकाच क्षणी, तापमापकासमोर उभी असतात. हे सांगितलं की वर्गातली सर्वांत दंगेखोर मुलंही गप्प व्हायची. पृथ्वीवरची इतकी माणसं एका क्षणी एकच काम करत आहेत, आणि ते भांडण नाही!

ही शिस्त आपोआप आली नाही. १८७३ मध्ये व्हिएन्नात पहिली आंतरराष्ट्रीय हवामान परिषद भरली. आपलं हवामान खातं १८७५ चं. पुढच्याच वर्षी दख्खनला तो भयंकर दुष्काळ पडला, १८७६ ते १८७८ चा. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं की आपल्या आभाळातून ढग गायब होण्याचा संबंध पार पॅसिफिक महासागराच्या तापलेल्या पाण्याशी आहे. ते कळायला दोन पिढ्या गेल्या. १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होऊन आले. त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे गोळा केले आणि खात्यातल्या भारतीय कर्मचाऱ्यांकडून ते हाताने, कागदावर, एकमेकांशी ताडून घेतले. संगणक नव्हताच. त्यातून १९२० च्या दशकात दक्षिणी आंदोलनाचा शोध लागला: पॅसिफिकच्या एका बाजूला हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलटही. पॅसिफिकच्या तापण्याला आज आपण अल निनो म्हणतो, त्याची ही दुसरी बाजू. आमच्या दुष्काळाचं कारण आमच्या आभाळात शोधून सापडणारच नव्हतं. दूरच्या बेटावरच्या अनोळखी माणसाने लिहून ठेवलेला आकडा हाती आला, म्हणून ते सापडलं. वॉकरांचं नाव पाठ्यपुस्तकात आहे. त्या गणना करणाऱ्या कारकुनांची नावं मी शोधली, मला मिळाली नाहीत.

पुढचं मला अजून मोलाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात हवामानाच्या नोंदी लष्करी गुपित झाल्या होत्या. नंतर शीतयुद्ध. तरी १९६३ मध्ये जागतिक हवामान निरीक्षणाची योजना उभी राहिली तेव्हा तिची तीन जागतिक केंद्रं ठरली वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. क्युबावरून जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आल्याला जेमतेम काही महिने झाले होते. अण्वस्त्रं एकमेकांवर रोखलेली असतानाही आकड्यांची देवाणघेवाण चालू राहिली. १९९५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने नोंदींच्या मुक्त देवाणघेवाणीचं तत्त्व ठरावाने बांधलं, २०२१ मध्ये ते आणखी रुंद केलं. त्यातला व्यवहार सरळ आहे. प्रत्येक देश आपल्या नोंदी देतो आणि प्रत्येकाला सगळ्यांच्या नोंदींवर उभा राहिलेला अंदाज मिळतो.

आजची हवामानाची एआय मॉडेलं याच शिदोरीवर शिकली आहेत. युरोपीय केंद्राने १९४० पासूनच्या जगभरच्या निरीक्षणांतून वातावरणाचा तासातासाचा इतिहास पुन्हा रचला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. मॉडेलं तो वाचून शिकली. पूर्वी महासंगणकाला तासन् तास लागायचे ते काम ती आता मिनिटांत करतात. लोक त्या वेगाचं कौतुक करतात. मला त्यात भर उन्हात, संपात, दंगलीत, युद्धात, साडेआठ वाजता पेटीचं दार उघडणारी लाखो माणसं दिसतात. त्यांतली काही सोलापूरची आहेत.

म्हणजे नोंद देण्याचा आणि फळ मिळण्याचा करार जगाने बऱ्यापैकी पाळला आहे. पण प्रश्न ठरवण्याचा हक्क त्या करारात कधीच नव्हता. मामांनी बोट ठेवलं ते तिथे.

माझी अव्वा बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायची. रोजगार हमीवर खडी फोडायची, सुकडी खायची, आणि रेशनवर मिळायचा अमेरिकेतून आलेला लाल मिलो. ते १९७२ सालही अल निनोचं होतं. मिलोने माणसं जगवली, हे अव्वा कधी विसरली नाही आणि मीही विसरू इच्छित नाही. पण त्याची भाकरी थापली जायची नाही, तुटायची, मुलांच्या पोटात दुखायचं. मालदांडीच्या मुलखात काय पाठवायचं हे ठरवताना इथल्या एखाद्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. मदत आणि सहकार्य यांत मला दिसणारा फरक एवढाच आहे. मदत करणारा स्वतः ठरवतो. सहकार्य करणारा आधी ऐकतो.

ऐकण्याचं म्हटलं की सोलापूरकराला डॉक्टर कोटणीस आठवणारच. द्वारकानाथ कोटणीस इथे १९१० मध्ये जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा चिनी सेनानी जू द यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले, आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचं पथक निघालं. आपण स्वतः गुलामीत होतो, लक्षात घ्या. देण्यासाठी आधी श्रीमंत किंवा स्वतंत्र व्हावं लागतं असं त्या पिढीला वाटलं नाही. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. कॅनडाहून आलेल्या डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथल्याच क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले.

शाळेत आम्हाला त्यांचा त्याग शिकवला, तो खराच होता. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला हल्ली त्याहून जवळची वाटते: ते चिनी भाषा शिकले. इतकी, की विद्यार्थ्यांना तीत वैद्यक शिकवू लागले. जखमी सैनिकाला कुठे दुखतं हे दुभाष्याविना, त्याच्या शब्दांत ऐकायचं त्यांनी ठरवलं. शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे आणि इथे भैय्या चौकाजवळ त्यांचं स्मारक. पुढे दोन देशांत युद्ध झालं, सीमेवर आजही तणाव आहे, तरी चीनमधून येणारी माणसं त्या स्मारकापाशी येऊन नमस्कार करून जातात. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना सिद्धेश्वर तळ्याइतक्याच अगत्याने तिथे नेते.

आता भाषेकडे येते, कारण एआयमध्ये ऐकणं म्हणजे भाषाच. सोलापूर हे एका भाषेचं गाव कधीच नव्हतं. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात कानडीत वचनं रचत होते. पूर्व भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर. सोलापुरी चादरीच्या नक्षीचं जकार्ड तंत्र फ्रान्समधल्या ल्योंचं, हात तेलंगणातून आलेले, नाव सोलापूरचं. पलीकडे दख्खनी बोलणारी मोहल्ल्यातली घरं. आणि सगळ्यांना धरून असलेली आमची मराठी, जिच्यात कानडीची चाल आहे आणि जी पुण्यात बोलली की लोक वळून बघतात. माझ्या लहानपणी अव्वाशी कानडी, शाळेत मराठी, समोरच्या घरात खेळायला गेलं की तेलुगू, असं दिवसभर चालायचं.

यंत्राला यांतलं काय ऐकू येतं? छापील मराठी बऱ्यापैकी. केंद्र सरकारच्या भाषिणी योजनेत लोकांनी आपला आवाज आणि भाषांतरं देण्याची सोय आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा वाणी प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून खुली करतो आहे, त्याला गूगलचं पाठबळ आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये जगभरचे स्वयंसेवक वाक्यं वाचून देतात, त्यात मराठीही आहे. हे मला साडेआठच्या नोंदीचंच पुढचं रूप वाटतं आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना त्यात भाग घ्यायला लावते. पण अक्कलकोटची मराठी मिसळलेली कानडी, पूर्व भागातली तेलुगू, मोहल्ल्यातली दख्खनी यांची नोंद राज्यांच्या सीमांवर अडकते. कानडी म्हटलं की यंत्र बंगळूरकडे बघतं, तेलुगू म्हटलं की हैदराबादकडे. तो पावसाचा संदेश पाच भाषांत निघाला, त्यांत कानडी नव्हती. मामा मराठी वाचतात, सावकाश, बोट ठेवून. मामींना ते वाचून दाखवावं लागतं.

जगाच्या पातळीवर काही घडतच नाही असं मुळीच नाही. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयच्या नीतितत्त्वांची शिफारस स्वीकारली, १९३ सदस्य देशांनी. भाषा आणि संस्कृतींचं वैविध्य जपण्याची भूमिका तीत स्पष्ट आहे. ती बंधनकारक नाही, पण १८७३ ची व्हिएन्नाची परिषद तरी कुठे कुणाला बांधून होती? फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसला एआयची शिखर परिषद झाली, तिचं सहअध्यक्षपद भारताकडे होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४० तज्ज्ञांचं स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ आणि सर्व देशांचा जागतिक संवाद उभा करायचं ठरवलं. मला याबद्दल मनापासून आशा आहे. सुरुवातीला सगळ्या संस्था कागदावरच्याच असतात.

त्या मंडळापुढे मला जायला मिळालं तर मी हवामानाचा दाखला ठेवीन. ज्यांनी भाषा दिली त्यांना त्या भाषेत चालणारं यंत्र फुकट किंवा परवडेल असं मिळावं, हे झालं पहिलं. दुसरं, नवं मॉडेल कशासाठी बनवायचं याची यादी करताना ज्यांच्या नोंदींवर ते उभं राहणार त्यांना विचारलं जावं. विचारणं म्हणजे राजधानीत बैठक घेणं नव्हे. सोलापूरचाच अनुभव सांगते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी २०१८ आणि २०१९ मध्ये आमचं आभाळ निवडलं. विमानं उडाली, ढगांत बीजारोपण झालं, आणि सरासरी १८ टक्क्यांपर्यंत जास्त पाऊस मिळू शकतो असा निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकी हवामान सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. उत्तम विज्ञान, आणि जगासमोर मांडलं गेलं याचा अभिमानच आहे. पण ज्यांच्या डोक्यावर ती विमानं फिरली त्यांच्यापैकी कितीतरी जण मला अजून विचारतात, "त्या विमानांनी पाऊस पळवला का हो बाई?" निष्कर्ष त्यांच्या भाषेत, त्यांच्या पारावर सांगणं हेही त्या प्रयोगाचंच काम धरलं पाहिजे, आणि त्यासाठी पैसा आधीच बाजूला काढला पाहिजे.

आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या दिवशी आमच्या शिक्षक-खोलीत सगळे उभे राहिले होते. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावण्याची त्यांची कल्पना खेड्यातल्या वर्गाच्या गरजेतून आली आणि पुढे राज्याच्या पुस्तकांवर पोचली. प्रश्न खालून येतो तेव्हा उत्तर किती लांब जातं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत जवळचं उदाहरण हेच आहे.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, होमानंतर, वासराची भाकणूक होते. यंदा पाऊस कसा, महागाई कशी, हे त्या वासराच्या वागण्यावरून सांगितलं जातं आणि थंडीत कुडकुडत हजारो माणसं ते ऐकायला थांबतात. मी विज्ञान मानणारी आहे. वासराला पाऊस कळतो असं मी वर्गात कधी सांगितलं नाही. पण तिथे जमलेल्यांच्या मनात काय असतं ते मी अनेकदा जवळून ऐकलं आहे. ज्वारी साधेल का, चारा पुरेल का, पोरीचं लग्न यंदा करावं का. हे प्रश्न कुठल्याही संगणकाकडे अजून पोचलेले नाहीत.

म्हणून सध्या माझ्या ओळखीच्या दोन शाळांतली मुलं गावोगावचे हवामानाचे प्रश्न जमवत आहेत. उत्तरं नाहीत, फक्त प्रश्न, ज्याने विचारला त्याच्या बोलीत आणि त्याच्या आवाजात. डाळिंबावर तेल्या येईल असं दमट हवामान किती दिवस टिकेल? द्राक्षाची छाटणी आठवडाभर पुढे ढकलू का? हुरड्याच्या दिवसांत धुई पडेल का? सीनेचं पाणी वाढायला लागलं तर जनावरं सोडायला किती तास मिळतील? एका तेलुगू आजींनी विचारलं की रंगवलेलं सूत वाळायला सलग तीन कोरडे दिवस कधी मिळतील. मुलं प्रत्येक प्रश्नाखाली गाव, महिना आणि भाषा लिहितात. यादी पुण्याला हवामान संस्थेकडे जाईल, आणि तिचं इंग्रजी भाषांतर करून युरोपीय केंद्राकडेही पाठवायचं त्यांनी ठरवलं आहे. मामांचा हस्ताचा प्रश्न त्यांनी पहिल्या क्रमांकावर घेतला आहे, कानडीतच.